एक वर्ष मुदतीचा खोकेकाका

मुलांनी फोनवर काय बघावं हे ठरवायला कुणीतरी शहाणा माणूस हवा होता, आणि त्या शनिवारी पालकसभेला मी हजर होतो. माझा गुन्हा एवढाच.

सभा चित्रकलेच्या वर्गात होती. बाकं मुलांच्या मापाची. चाळीस मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसली होती आणि त्यातली तीस खाली मान घालून आपापला फोन बघत होती. विषय होता, 'मुलं फोन फार बघतात'. मी हे रचून सांगत नाही. मला रचता येत नाही, आणि ही माणसं असताना रचायची गरजही पडत नाही.

एक आई उठली. तिचा मुलगा म्हणे डबा उघडतानाही "तर मित्रांनो, बघू या आज आत काय आहे!" असं ओरडतो. मग एक बाप उठला. त्याची मुलगी बाथरूममध्ये टूथब्रशला मुलाखत देते. मग तिसऱ्या कुणीतरी समंजस आवाजात सांगितलं की, सगळेच व्हिडिओवाले वाईट नसतात, काही चांगलेही असतात, फक्त कुठले ते कळायला पाहिजे. यावर सगळ्यांनी माना डोलवल्या आणि त्या डोलवलेल्या माना पुन्हा खाली घातल्या.

माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो, म्हणजे राहायचा प्रयत्न केला, कारण बाक माझ्याबरोबरच उठलं. तशाच अवस्थेत मी म्हणालो, "कळायला पाहिजे म्हणजे काय? बघा की! पोरं काय बघतात ते तुमच्यापैकी एकानं तरी शेजारी बसून पाच मिनिटं बघितलंय का? पोरगं गप्प बसलं की तुम्हाला पुरे. तुम्हाला पालक व्हायचं नाहीये, तुम्हाला शांतता हवीये!"

टाळ्या पडल्या. ज्यांना आपण झोडलं तेच टाळ्या वाजवायला लागले, की ओळखावं, काहीतरी आपल्या गळ्यात पडतंय.

"आपण काय करता?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

"लिफ्ट तपासतो. सरकारी निरीक्षक आहे."

"अय्या, म्हणजे सुरक्षिततेचाच विषय की!" बाई म्हणाल्या, आणि पुढच्या दोन मिनिटांत शाळेची 'व्हिडिओ परीक्षण समिती' जन्माला आली. अध्यक्ष मी. सदस्य म्हणून आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या दातांच्या डॉक्टर, कारण त्या दाराजवळ बसल्या होत्या आणि निसटायच्या बेतात होत्या. आणि आमच्या वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर, जे नातवाच्या वतीनं आले होते आणि ज्यांना कुठल्याही समितीवर घेतलं तरी आनंद होतो.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "स्वयंपाकघरातला नळ चार महिने गळतोय. त्याच्यावर एखादी समिती नेमता का?"

तिला एक गोष्ट सांगायची राहून गेली होती, आणि ती सांगणं मला जमत नव्हतं. आमची मुलगी नऊ वर्षांची. गेल्या वर्षापर्यंत ती फोन घेऊन धावत यायची, "बाबा, हे बघ, हे बघ." मी पेपराच्या वरून 'हं' म्हणायचो. तेवढ्यावर तिचं भागत असावं असा माझा समज. पण गेले दोन महिने मी खोलीत शिरलो की ती फोन पालथा घालायची. झटक्यानं नाही. सावकाश, सभ्यपणे, आमटीवर झाकण ठेवावं तसा. आणि मग माझ्याकडे बघून विचारायची, "काय बाबा?" बँकेतली बाई विचारते तसं.

दारं नीट उघडतात की नाही हे बघण्याचा मला पगार मिळतो. हे एक दार माझ्या घरात माझ्याच तोंडावर बंद झालं होतं. आत काय आहे ते मला कळलं तर ते उघडेल, असा माझा सरळ हिशेब. म्हणून मी अध्यक्षपद घेतलं. समाजसेवा वगैरे गेली खड्ड्यात.

आता तपासणी म्हटली की तक्ता आला. तक्त्याशिवाय जो तपासतो तो नुसता बघ्या. मी ऑफिसातला लिफ्टचा छापील तक्ता घेतला आणि त्याचे एकवीस रकाने एकेक करून व्हिडिओला बसवले. 'अचानक बसणारे झटके' हा रकाना जसाच्या तसा चालला. 'आवाज' चालला. 'दार उघडे असताना यंत्र सुरू राहते काय' याच्या जागी 'एक व्हिडिओ संपल्यावर दुसरा आपोआप सुरू होतो काय' असं घातलं. 'कमाल भार' या रकान्याचं काय करायचं ते मला कळेना, म्हणून 'एका वेळी किती मुलांनी बघावे' असं केलं. अपशब्द, मारामारी, आग, उंचावरून उड्या, अन्नाची नासाडी, जाहिरात, अंगभर कपडे. एकूण एकवीस गुण. चौदाच्या वर योग्य, दहाच्या खाली अयोग्य, आणि मधल्यांसाठी 'पालकांच्या देखरेखीखाली बघावा' अशी चौकट. पुढे याच चौकटीनं माझा गळा धरला.

पहिली बैठक शाळेच्या संगणक कक्षात भरली. संगणकमास्तर म्हणाले, "इथे व्हिडिओ लागत नाहीत. शाळेच्या इंटरनेटवर बंदी आहे."

"मग बंदी उठवा."

"उठवतो की. कुठले व्हिडिओ योग्य त्याची यादी द्या. तेवढ्यांवरची उठवतो."

"ती यादी करायलाच तर आम्ही आलोय!"

"मग करा."

"बघितल्याशिवाय कशी करणार?"

"ते मला कसं माहीत असणार? समिती तुम्ही," असं म्हणून त्यांनी पंखा बंद केला. पोस्टमास्तरांनी या माणसाकडे अतिशय आदरानं बघितलं. नोकरीत असतो तर याला सहायक म्हणून घेतला असता, असं ते जिन्यात म्हणाले.

शेवटी बैठका आमच्या हॉलमध्ये. रोज संध्याकाळी सहा ते साडेसात. टीव्हीला फोन जोडायचा, तीन खुर्च्या, तीन तक्ते, बायकोच्या कपाळावर आठ्या.

मी सांगतो, मी आयुष्यात खूप घाण बघितली आहे. लिफ्टच्या खड्ड्यात लोक काय काय टाकतात ते तुम्हाला सांगितलं तर तुम्ही जिन्यानं जायला लागाल. पण त्या महिनाभरात मी जे बघितलं त्याला तोड नाही. एक धडधाकट मनुष्य, वय तीस, दाढी आलेली, खेळण्याची खोकी फाडत होता आणि प्रत्येक खोक्यागणिक जगबुडी आल्यासारखा किंचाळत होता. दुसरा एक जण चोवीस तास बाथटबमध्ये जेलीत बसून होता आणि याला तो 'आव्हान' म्हणत होता. एक नवराबायको होते, ते पोटच्या पोरांना फसवून रडवायचे आणि मग जवळ घ्यायचे. रडण्याआधीही कॅमेरा, जवळ घेतानाही कॅमेरा. त्या पोरांना मोठेपणी पाहिलं तर मी उठून त्यांना बसायला जागा देईन.

समितीचं म्हणाल तर डॉक्टरबाई फक्त दात बघायच्या. समोरचा मनुष्य छपरावरून उडी मारत असला तरी त्या म्हणायच्या, "खालच्या दाढेत कीड आहे याच्या. बोलताना दिसते बघा." पोस्टमास्तरांचं वेगळंच. एक जण मोठ्या दाबयंत्राखाली वस्तू चिरडायचा. बादली, बूट, कलिंगड. पोस्टमास्तर म्हणाले, यावर अजून नीट मत बनत नाहीये, आणखी बघावे लागतील. दहा बघितले. मत बनेना. दुसऱ्या दिवशी ते येताना स्वतःची उशी घेऊन आले.

आणि माझी मुलगी. पहिल्या दिवशी ती किती खूश होती! बाप आणि दोन शेजारी टीव्हीसमोर बसून तिच्या जगातली माणसं बघतायत, तिला काय बोलू न् काय नको असं झालं. खुर्चीच्या हातावर येऊन बसली. "बाबा, हा नको, याचा दुसरा बघ, त्यात तो खरा घाबरतो." "बाबा, ही मुलगी आहे ना, हिला तिची आई पाठीमागून सांगते काय बोलायचं ते. बघ, डोळे तिकडे जातात तिचे."

"मध्ये बोलू नकोस गं," मी म्हणालो. "मोजणी चुकते."

त्या आठवड्यात खोकेकाका आला. पन्नाशीचा गृहस्थ, स्वच्छ शर्ट, मऊ आवाज. रिकाम्या खोक्यांपासून आगगाड्या, पवनचक्क्या, घड्याळं करायचा. ओरडणं नाही, मारामारी नाही, कात्री वापरताना "मोठ्यांना हाक मारा हं, पिल्लांनो" असं सांगायचा. आम्ही तिघांनी पेनं खाली ठेवली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दात किती सुंदर ठेवलेत!" एकवीसपैकी वीस गुण. एक कापला, कारण पूर्ण गुण देणारा निरीक्षक लाच खातो असं माझ्या साहेबांनी मला शिकवलं होतं.

"बाबा," मुलगी म्हणाली, "मला नाही आवडत हा. हा खोटं हसतो. तोंड हसतं, डोळे नाही हसत."

मी तक्ता वरून खाली बघितला. खोटं हसण्याला रकाना नव्हता.

"आणि मला पिल्लू का म्हणतो? हा मला ओळखतो का?"

यालाही रकाना नव्हता. "तुला काय कळतंय," मी म्हणालो, "वीस गुण पडलेत त्याला." ती खुर्चीच्या हातावरून उतरली आणि आत गेली. त्यानंतर बैठकीला काही ती आली नाही. मला वाटलं, बरं झालं, कामाला वेग येईल.

आणि इथे मी ती चूक केली, जी फक्त लिफ्टवालाच करू शकतो. लिफ्ट एकदा तपासली की आम्ही आत कागद लावतो. तपासली, ठीक आहे, मुदत एक वर्ष, सही. ते बरोबरही आहे, कारण दोर वर्षात झिजतो, पण आज पोलादाचा असलेला दोर उद्या सकाळी सुतळीचा होत नाही. मी तोच कागद काढला. प्रत्येक योग्य ठरलेल्या माणसाला एकेक प्रमाणपत्र, 'पाहिले, योग्य आढळले, मुदत एक वर्ष', खाली माझी सही. रोज नवा व्हिडिओ टाकणाऱ्या माणसाला मी वर्षाची हमी देऊन मोकळा झालो. शाळेकडे शिक्का मागितला तर 'आवक' एवढाच एक शिक्का सापडला. तो मारला.

पालकांना काय आनंद झाला! कुणी व्हिडिओ बघितले नाहीत, तक्ता वाचला नाही, प्रमाणपत्राचा फोटो तेवढा एकमेकांना पाठवला आणि पोरांच्या हातात फोन दिले. एक आई मला जिन्यात गाठून म्हणाली, "तुमचे उपकार कसे फेडू? आता तीन तास डोक्याला ताप नाही." मी नम्रपणे मान झुकवली. सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. खोकेकाकानं तर ते प्रमाणपत्र चौकटीत घालून आपल्या मागच्या भिंतीवर टांगलं. माझी सही रोज लाखभर लोक बघत होते. तेवीस वर्षांच्या नोकरीत माझी सही लिफ्टमधल्या आरशाखाली सडली. मी तीन वेगवेगळ्या नातेवाइकांना फोन करून भिंत बघायला सांगितली.

तिसऱ्या आठवड्यात खोकेकाकानं खोकी बाजूला ठेवली. खोक्यांना म्हणे प्रेक्षक कमी झाले होते. त्याच मऊ आवाजात, त्याच शर्टात, माझ्या सहीखाली बसून तो म्हणाला, "पिल्लांनो, नवा खेळ! घरातल्या मोठ्यांची गंमत गुपचूप टिपा आणि मला पाठवा. स्पर्धा आहे हं, सगळ्यात मजेदार गमतीला पहिला नंबर! आईच्या किंवा बाबांच्या फोनवरून पाठवा हं, म्हणजे परवानगी आहे असं मला समजेल."

आठ दिवसांत आमच्या वस्तीत एक माणूस उजळ माथ्यानं फिरू शकेना. कुणाची आत्या घोरताना. कुणाचे आजोबा केसांना काळा रंग लावताना. टूथब्रशवाल्या मुलीचा बाप आरशासमोर उभा राहून साहेबाला राजीनामा कसा फेकायचा याची तालीम करताना, आणि तो व्हिडिओ साहेबानं बघितलेला. सगळे माझ्या दारात.

"तुमची सही आहे!"

"मी तपासला तेव्हा तो आगगाड्या करत होता!"

"एक वर्ष लिहिलंय!"

"अहो, लिफ्टला…"

"आम्हाला लिफ्टचं सांगू नका!"

मी शाळेत धावलो. बाई म्हणाल्या, "रद्द करा म्हणता, पण रद्द करण्याचा नमुना कुठाय? तुम्ही दिलेल्या कागदपत्रांत फक्त देण्याचा नमुना आहे." खरं होतं. नमुने मीच केले होते. लिफ्ट बिघडली तर मी दाराला सील ठोकतो. याचं दार कुठे आहे? मी खोकेकाकाला कडक भाषेत पत्र लिहिलं, सरकारी पदासकट. दोन सेकंदांत उत्तर आलं, "पिल्लू, तुझं पत्र मिळालं! असाच हसत राहा!"

आणि मग स्पर्धेचा निकाल लागला. मला तो घरी कळला नाही. मी एका सात मजली इमारतीत यंत्रघर तपासायला गेलो होतो. लिफ्टमन माझ्याकडे टक लावून बघत होता. चौथ्या मजल्यावर त्याला राहवेना. "साहेब, तुम्ही ते रागीट बाबा ना? एकदा 'मुडदूस' म्हणा ना. माझ्या पोरीला ऐकवतो."

पहिला नंबर माझा होता. आमच्याच हॉलमधल्या शेल्फवर फोन टेकवून, माझ्याच मुलीनं टिपलेला मी. पाठवला होता तिच्या आईच्या फोनवरून. फक्त पहिली वीस सेकंदं बघून मी फोन बंद केला. बनियनवर बसून मी टीव्हीला शिव्या घालत होतो, तेवढं पुरे होतं. ऑफिसात शिरलो तर शिपायापासून साहेबापर्यंत सगळे एकदम कामाला लागले, आणि आमच्या ऑफिसात असं फक्त हसू दाबायचं असलं तरच होतं.

घरी मी मुलीला काही बोललो नाही. ती जेवली, ताट उचललं, आत गेली. बायको म्हणाली, "पूर्ण बघितलात का?"

"जेवढा बघितला तेवढ्यानं पोट भरलं."

"पूर्ण बघा," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तेच मला खटकलं.

दोन दिवसांनी शाळेची चिठ्ठी. एका पालकाची लेखी तक्रार आली होती की, 'रागीट बाबा' हा व्हिडिओ मुलांना योग्य नाही, त्यात एक इसम अर्वाच्य बोलतो. समितीनं परीक्षण करून अहवाल द्यावा. अध्यक्षांनी, म्हणजे इसमानं, उपस्थित राहावं.

बैठक संगणक कक्षात. मधल्या काळात यादी मंजूर झाल्यामुळे बंदी उठली होती, आणि शाळेच्या इंटरनेटवर अधिकृतपणे लागलेला पहिला व्हिडिओ म्हणजे मी. तोही भिंतभर पडद्यावर. बाई, संगणकमास्तर, डॉक्टरबाई, उशी काखेत घेतलेले पोस्टमास्तर. आणि खास निमंत्रित म्हणून तक्रारदार, तो राजीनाम्यावाला बाप. मोठ्या समाधानानं तो पहिल्या रांगेत बसला होता.

पडद्यावर मी बैठकीच्या आधीचा गृहपाठ करत होतो. एकटाच. "गाढवा, तोंड आहे का भोंगा?" मी टीव्हीला म्हणालो आणि खूण केली. "अरे मुडदूस, आईबापांनी याच्यासाठी वाढवला तुला?" खूण केली. खोकेकाकानं मागे हसण्याचे आवाज घातले होते, आणि प्रत्येक शिवीला माझ्या पोटावर कॅमेरा जवळ यायचा. डॉक्टरबाई प्रामाणिकपणे अपशब्द मोजत होत्या. पोस्टमास्तरांचे खांदे हलत होते.

मग पडद्यात मुलगी आली. शाळेच्या गणवेशात. माझ्या खुर्चीपाशी उभी राहिली.

"बाबा, बघ ना."

"थांब गं."

मागे हसण्याचा मोठा आवाज.

"बाबा, बघ ना."

"एक मिनिट. सोळावा रकाना चाललाय."

त्याहून मोठा आवाज. पहिल्या रांगेतला बापही हसला.

तिनं मूठ पुढे केली आणि उघडली. तळहातावर काहीतरी बारीक, पांढरं होतं. तिचा हात माझ्या चष्म्यापासून वीतभर अंतरावर असेल. पडद्यावरच्या माणसानं तो हात तक्त्यावरून बाजूला केला, माशी हाकलावी तसा, आणि म्हणाला, "दिसत नाही का, मी मुलांचं काम करतोय?"

इथे खोकेकाकानं टाळ्या घातल्या होत्या.

खोलीत कुणी हसलं नाही. पोस्टमास्तरांचे खांदे थांबले होते. "दात आहे तो," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "सुळा. खालचा." मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आठ-दहा दिवस हलत असणार. खूप दुखतो हो तो."

माझ्या मुलीचा दात पडला होता, हे मला भिंतभर पडद्यावर, लाखभर लोकांच्या नंतर कळलं.

"तर मग… गुण," बाई घसा साफ करत म्हणाल्या.

मोजणी झाली. अपशब्द अकरा. आवाज जास्त. अंगभर कपडे नाहीत. नळाच्या गळतीचा आवाज येत होता म्हणून पाण्याची नासाडीही धरली. एकवीसपैकी दहा गुण. एक गुण कमी पडता तर सरळ अयोग्य ठरलो असतो आणि सुटलो असतो.

"दहा म्हणजे मधलं," पोस्टमास्तर सहानुभूतीनं म्हणाले. "पालकांच्या देखरेखीखाली बघावा. खूण करू का, निरीक्षकसाहेब? म्हणजे कुणाचंच मन दुखायला नको."

"कुठल्या पालकांच्या?" मी ओरडलो. "पालक त्याच्यात बसलाय ना! बनियन घालून! तोच देखरेख करतोय! बघा ना काय करतोय तो!"

मग मी तक्ता ओढून घेतला, सगळ्या रकान्यांवरून आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'अयोग्य'. सही केली. मुदत लिहिली नाही. राजीनामाही तिथेच, तोंडी दिला. राजीनाम्यावाल्या बापानं फेकण्याची पद्धत चुकली असं सांगितलं. पोस्टमास्तर त्याच क्षणी अध्यक्ष झाले आणि त्यांनी पहिली बैठक दाबयंत्रावर घ्यायचं जाहीर केलं. जाऊ दे. ज्यांना अशी समिती हवी असते त्यांना असाच अध्यक्ष मिळायला पाहिजे.

खोकेकाकाचं काही वाकडं झालं नाही, हेही सांगून टाकतो. तो अजून तिथेच आहे, हसतोय. सही तेवढी मी बायकोच्या ओळखीच्या वकिलाची नोटीस पाठवून भिंतीवरून उतरवली, आणि आमचा व्हिडिओही. पण ज्यांनी आधीच साठवून ठेवला त्यांच्या फोनमध्ये मी बनियनवर कायमचा बसलोय.

त्या संध्याकाळी मुलगी खिडकीपाशी बसली होती. मी गेलो. तिनं फोन पालथा घातला.

"तोंड उघड," मी म्हणालो.

तिनं उघडलं. खाली डावीकडे फट होती, आणि नव्या दाताचं टोक वर आलं होतं. इतके दिवस गेले होते.

"जुना कुठाय?"

"टाकला. कधीच."

"मला ओरडून का नाही सांगितलंस?"

"तू बघतच नव्हतास. तू नुसते व्हिडिओ बघत होतास." तिनं खांदे उडवले. "म्हणून मी व्हिडिओ केला. म्हटलं, तो तरी बघशील. तर तू तोही नाही बघितलास."

मला टोचायचं म्हणून ती बोलली नव्हती. एखादा हिशेब सांगावा तसं सांगितलं. मी तेवीस वर्षं लोकांच्या चुका लिहून काढतोय, कुणी माझी इतक्या थोडक्या शब्दांत लिहिली नव्हती.

मी खिडकीच्या कट्ट्यावर तिच्या शेजारी बसलो. हात कुठे ठेवायचे कळेना. "आत्ता काय बघत होतीस?"

तिनं माझ्याकडे नीट निरखून बघितलं. मग फोन सुलटा केला. एक पोरगा डोक्यावर बादली घालून भिंतीवर आपटत होता. पुन्हा पुन्हा. इतकं भिकार मी काही बघितलं नव्हतं, आणि मी काय काय बघितलंय ते तुम्हाला माहीत आहे. ती पडद्याकडे बघत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती. मी दात आवळून बसलो.

"कसा आहे?" तिनं विचारलं.

एकवीसच्या एकवीस रकाने जिभेवर आले होते. "तू सांग," मी म्हणालो.

व्हिडिओ तीन मिनिटांचा होता. ती पाऊण तास बोलली. त्यातलं निम्मं माझ्याबद्दल होतं, आणि एकही गुण देण्यासारखं नव्हतं.